मोरी गेली, सिंक उरलं

मगरिबची अजान होते, खजूर तोंडात पडतो, दोन घोट पाणी पोटात जातं आणि दिवसभर शांत असलेलं घर एकदम बोलायला लागतं. दस्तरख्वानावर काय काय होतं, याचं वर्णन रमजानमध्ये सगळीकडे वाचायला मिळतं. दस्तरख्वान झटकून घडी घातल्यावर स्वयंपाकघरात काय उरतं, ते मात्र कुठल्याच फोटोत येत नाही. भज्यांची तेलकट कढई, खिम्याचं पातेलं, फ्रूट चाटचा मोठा वाडगा, सरबताचा जग, दहा-बारा बशा, तितकेच पेले, वर चहाचं भांडं. हे सगळं आवरायचं, मग जेवण, मग इशाची नमाज. आणि मध्यरात्र उलटली की सहरीची भांडी पुन्हा आहेतच.

शहराच्या जुन्या भागातल्या एका घरात हा ढीग रोज एका पांढऱ्याशुभ्र, जाडजूड, खोल सिंकात जाऊन पडतो. घरात पहिल्यांदा नळ आला त्या वर्षी दादींच्या सासऱ्यांनी ते बसवून घेतलं. त्याला पन्नास वर्षं उलटून गेली. मधल्या काळात कौलं जाऊन स्लॅब आला, फरशी दोनदा बदलली, तीन सुना आल्या. सिंक तेच. पाच वर्षांपूर्वी ओट्यावर ग्रॅनाइट बसवताना घरच्यांनी स्टीलचं नवं सिंक आणूनही ठेवलं होतं. प्लंबरने जुन्यावर दोन टिचक्या मारल्या, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, “निकालूंगा तो टूटेगा. और नया इतना चलेगा नहीं.” स्टीलचं सिंक दुकानात परत गेलं.

लोक याला चिनी मातीचं सिंक म्हणतात, पण कपबशीची चिनी माती वेगळी आणि ही वेगळी. ही फायरक्ले, म्हणजे कडक आच सोसणारी माती. कोळशाच्या थरांच्या आसपास ती बऱ्याच ठिकाणी सापडते. भट्ट्यांना आतून ज्या पिवळसर विटा लावतात, त्या याच जातीच्या मातीच्या. सिंक करताना या मातीत आधी भाजून दळलेल्या मातीची भरड मिसळतात. त्यामुळे भाजताना ती कमी आकसते आणि इंच-इंचभर जाड भिंतीही तडकत नाहीत. साचातून काढलेलं सिंक सावकाश वाळवायचं, त्यावर पांढरा थर आणि झिलई द्यायची, मग सुमारे बाराशे अंश सेल्सिअसला भाजायचं. त्या आचेत झिलई वितळून काच होते आणि अंगाला घट्ट धरून बसते. इतकं करूनही एका साच्यातली दोन सिंकं तंतोतंत सारखी निघत नाहीत, एखादं दोन-चार मिलिमीटर वाकडं असतंच. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक असे. ते आधी सिंक मागवत आणि मग ओट्याचं माप घेत.

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात स्टोक-ऑन-ट्रेंटच्या परिसरातल्या कारखान्यांनी हे काम नावारूपाला आणलं. तिथल्या मोठ्या घरांत नोकरचाकर या खोल सिंकात पाणी भरून त्यात भांडी धूत. आपल्याकडे अशी सिंकं बंगल्यांत, दवाखान्यांत आणि कॉलेजच्या प्रयोगशाळांत दिसू लागली. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आजही कोपऱ्यात हेच पांढरं सिंक असतं. वर्षानुवर्षं विद्यार्थी त्यात आम्लं ओततात, गरम चंचुपात्रं धुतात, शाई सांडतात, आणि ते तसंच असतं. भारतीय मानकांतही आयएस ७७१च्या दुसऱ्या भागात स्वयंपाकघराचं आणि प्रयोगशाळेचं फायरक्ले सिंक एकत्रच घेतलेलं आहे. जे गंधकाम्लाच्या शिंतोड्यांना बधत नाही, ते लिंबाच्या सरबताला काय बधणार!

म्हणून रमजानमध्ये या सिंकाची काळजी चुकीच्या कारणांसाठी केली जाते. हळदीचा रस्सा, चहाचा चोथा, गुलाबी सरबत, खजुराचा चिकटा यांतलं काहीही झिलईत मुरत नाही. डाग दिसलाच तर तो जुन्या ओरखड्यात अडकलेला असतो. खाण्याचा सोडा आणि लिंबाची साल एवढ्याने तो जातो, आणि इफ्तारनंतर लिंबाच्या सालींना काय तोटा? तळाशी दिसणाऱ्या करड्या रेघा पाहून लोक हळहळतात की झिलई गेली. बहुतेक वेळा उलटं झालेलं असतं. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं घासलं जाताना त्याचाच धातू पेन्सिलच्या रेघेसारखा काचेवर उतरतो. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर बसतो तोही सिंकाचा दोष नाही, तो व्हिनेगरने सुटतो. संडास धुण्याचं अ‍ॅसिड मात्र इथे आणूच नये. सिंक टिकेल, पण खालची जाळी, नळाचा मुलामा आणि कडेचं सिमेंट खलास होईल.

झिलईचे खरे वैरी दोन. एक म्हणजे रोजची खरवड. राख, वाळू, तारेची घासणी यांनी काचेचं तेज हळूहळू मरतं आणि मग डाग धरायला जागा होते. काथ्या किंवा मऊ घासणी पुरते. दुसरा वैरी घाव. ही माती दाब सोसते, आच सोसते, आम्ल सोसते. पण लोखंडी तव्याची कड किंवा तांब्याच्या भगोन्याचा काठ वरून पडला, तर टवका उडतो. स्टीलला पोचा येतो आणि काम भागतं. मातीला पोचा येत नाही.

तिसरी गोष्ट खाली दडलेली असते. चोवीस इंची फायरक्ले सिंकाचं वजन चाळीस किलोच्या पुढे जातं. त्यात पाणी आणि भांडी धरली तर ते दुपटीच्या घरात पोहोचतं. हा भार भिंतीतल्या गंजक्या ब्रॅकेटवर असेल, किंवा सिंकाचा एक कोपरा अधांतरी असेल, तर एके दिवशी आडवी चीर जाते आणि दोष भांडी घासणाऱ्या बाईला लागतो. या घरातलं सिंक विटांच्या दोन खांबांवर आडव्या टाकलेल्या कडप्प्यावर चारही अंगांनी टेकलेलं आहे. निम्मं श्रेय त्या गवंड्याचं.

उरलेलं निम्मं श्रेय मोरीचं. दादींच्या उमेदीत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसती मोरी होती. देगची, कढया, तवे, परात, जे जे जड ते सगळं तिथे. सिंकात फक्त बशा, पेले, चमचे. रमजानमध्ये मोरीवर दोघी-तिघी पाट टाकून बसायच्या. एक घासायची, दुसरी बादलीतल्या पाण्याने विसळायची, तिसरी पुसून पालथं घालायची. बोलता बोलता ढीग संपायचा. पन्नास वर्षांत सिंकाला एकही टवका गेला नाही, याचं दादींना कोण कौतुक! पण त्या वर्षांत त्यात एकही देगची उतरली नव्हती, हे त्यांच्या लक्षात आलं ते मोरी गेल्यानंतरच.

मोरी गेली ओट्याच्या नूतनीकरणात. तिच्या जागी फ्रिज आला. नव्या बांधणीच्या घरांत तर मोरी धरतच नाहीत. सोय झाली, यात शंका नाही. वाकणं-बसणं संपलं, गुडघे वाचले, जमीन कोरडी राहिली. पण भांडी होती तेवढीच राहिली आणि ती सगळी सिंकावर आली. सिंकासमोर उभं राहायला जागा एकीचीच. तिघींचं काम एकीवर आलं, ते कुणी ठरवून नव्हे, ओट्याच्या मापाने. या घरात ती एक म्हणजे धाकटी सून. मगरिबपासून इशापर्यंत ती नळासमोर उभी. घरातले पुरुष तरावीहला निघताना तिला पाठमोरीच पाहतात.

आपल्याकडे, घर हिंदूचं असो वा मुसलमानाचं, साचलेल्या पाण्यात बुचकळलेलं भांडं कुणाला धुतल्यासारखं वाटत नाही. वरून पाण्याची धार हवीच. त्यामुळे ज्या सिंकाची खोली पाणी भरण्यासाठी होती, त्यात नळ मोकळा वाहतो. एकीकडे वाहत्या नदीवर वुजू करतानाही पाणी उधळू नका ही पैगंबरांची शिकवण मुलांना पाठ, आणि दुसरीकडे इफ्तारनंतर अर्धा तास नळ चालू! सुनेने यावर एक साधा तोडगा काढला. सिंकात प्लास्टिकचा टब ठेवला. खरकटी भांडी आधी त्यात भिजतात, घासून झाली की शेवटी एकदाच धारेखाली येतात. पाणी वाचलं आणि तळाला गादीही मिळाली.

या सिंकाचा आणखी एक गुण भिंतीपलीकडच्यांना जास्त माहीत. स्टीलच्या पातळ पत्र्यावर नळाची धार पडली तरी तो ढोलकीसारखा वाजतो. मातीचं जाड अंग आवाज गिळतं. सहरी पहाटेची, भिंत दोन घरांची सामाईक, आणि पलीकडे बारावीच्या परीक्षेची मुलगी झोपलेली. त्या घरातल्या काकूंनी एकदा डबा परत करताना, अर्थात रिकामा नव्हे, दादींना विचारलं होतं, “चाची, यंदा सहरीला उठत नाही का तुम्ही? काहीच ऐकू येत नाही.”

दहाव्या रोज्याला सुनेला ताप आला. रोजा सुटला, नमाज झाली आणि ढीग तसाच. दादींचा कॉलेजात जाणारा नातू उठला आणि काही न बोलता बाह्या सरसावून सिंकापाशी उभा राहिला. अब्बांनी भुवया वर केल्या. दादी म्हणाल्या, “करू दे.” पैगंबर घरच्यांच्या कामात हात लावत, आपल्या चपला स्वतः शिवत, हे हजरत आयेशांनी सांगितलेलं मशिदीत दरवर्षी ऐकवलं जातं. ऐकून घरी आल्यावर सिंकापर्यंत कितीजण जातात, हा प्रश्न वेगळा.

बशा झाल्या, पेले झाले. टब मधे येतो म्हणून त्याने तो काढून खाली ठेवला. मग बिर्याणीचं तांब्याचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं. साबणाने हात निसटला. आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत आला.

पुढच्या कडेवर रुपयाच्या नाण्याएवढा टवका उडाला होता. पांढऱ्या झिलईखालचं पिवळट अंग पन्नास वर्षांत पहिल्यांदा उघडं पडलं. मुलगा पातेलं धरून तसाच उभा. अब्बा काही बोलणार, तेवढ्यात दादी आत आल्या. बोटाच्या पेराने त्यांनी सिंक चारही बाजूंनी वाजवून पाहिलं, बाजारात मडकं घेताना वाजवतात तसं. आवाज खणखणीत होता. बद्द वाजलं असतं तर चीर आतवर गेली असं समजायचं आणि सिंकाचा निरोप घ्यायचा. “वरचं गेलंय, आत ठीक आहे,” एवढंच त्या म्हणाल्या. मग नातवाकडे वळून, “चमचे राहिलेत अजून.”

रात्री त्यांनी मुलाला, म्हणजे अब्बांना, बाजूला घेऊन सांगितलं की पोराला एक शब्द बोलायचा नाही. आज बोललं तर उद्या तो या दारात पाय ठेवणार नाही. सिंक बाजारात मिळतं.

टवका तसा ठेवून चालत नाही. झिलईखालची माती थोडं थोडं पाणी पिते, काळी पडते आणि कड आणखी सुटत जाते. हार्डवेअरच्या दुकानात पांढरं एपॉक्सी मिळतं. जागा पूर्ण कोरडी करायची, पॉलिश पेपरने हलकेच घासायची, दोन पातळ थर द्यायचे आणि चोवीस तास पाणी लागू द्यायचं नाही. अडचण या चोवीस तासांची. सहरी आटोपल्यावर काम केलं तरी इफ्तारपर्यंत तेरा-साडेतेरा तासच हाताशी येतात. म्हणजे एका संध्याकाळची आणि एका सहरीची भांडी दुसरीकडे न्यायला हवीत.

ती न्हाणीघरात नेली. पाट फक्त एकच सापडला, म्हणून दुसरी बादली पालथी घातली. सुनेचा ताप उतरला होता, पण घासायला नातू बसला, विसळायला अब्बा. दादी दारात खुर्ची टाकून बसल्या आणि नळ बारीक करायला सांगत राहिल्या. पातेलं धुवायला दोघांना मिळून दहा मिनिटं लागली. तरावीहला पोहोचायला उशीर झाला, मागच्या सफेत जागा मिळाली.

सिंक आता पुन्हा वापरात आहे. कडेवरची डागडुजी जवळून पाहिली तर दिसते, पांढऱ्याशेजारी किंचित वेगळं पांढरं. बिर्याणीचं पातेलं मात्र न्हाणीघरातच जातं, आणि अब्बांनी बाजारातून दुसरा पाट आणला आहे.