जरबेरा: कुंडीतला आणि फुलदाणीतला

लग्नाच्या मंचावर आणि पुष्पगुच्छात हमखास दिसणारा जरबेरा मूळचा दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बर्टन परिसरातला. १८८९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. पुढे युरोपात संकर होत गेले आणि लाल, पिवळा, गुलाबी, पांढरा असे रंग आले. सुवास मात्र नाही. देवपूजेपेक्षा सजावटीत तो जास्त दिसतो.

आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर सूर्यफुलासारखा शेकडो फुलांचा गुच्छ. कडेची प्रत्येक पाकळी म्हणजे एक स्वतंत्र फूल, आणि मधल्या चकतीत बारीक फुलांची दाटी. चकतीतल्या बाहेरच्या दोन-तीन ओळी उमलल्या की फूल काढायचं. तेही कापून नाही. दांडा बुडाशी धरून, हलकासा पिळून उपटायचा. कापल्यावर उरलेला खुंट कुजतो आणि रोग गड्ड्यात शिरतो.

मावळात पॉलिहाऊसमध्ये गादीवाफ्यांवर जरबेरा पिकतो. घरी कुंडीत लावताना एकच पथ्य कडक पाळा: गड्डा मातीच्या वर राहिला पाहिजे. खोल लावलेलं रोप बुडातून सडतं. पाणीही पानांच्या मधोमध ओतू नका.

फुलदाणीत भरपूर पाणी ओतण्याची सवय इथे नडते. दांडा पोकळ, लवदार. पाण्यात जिवाणू वाढले की नळ्या तुंबतात आणि मान मोडते. तीन-चार बोटं पाणी पुरे. ते रोज बदला, दांड्याचं टोक थोडं कापा.