आउटलुक बदलण्याआधी जुने मेल शोधा

तारापूर एमआयडीसीतल्या बहुतेक लहान-मध्यम कारखान्यांत परचेसचं किंवा डिस्पॅचचं एखादं टेबल असं असतं, की त्यावरचा कॉम्प्युटर बदलायचा विषय निघाला की सगळे दुसरीकडे बघायला लागतात. कॉम्प्युटर जुना असतो, पंखा घरघरतो, पण त्याच्या पोटात दहा-बारा वर्षांचे मेल असतात. त्यात पार्टीने मंजूर केलेली शेड, बॅचचे सीओए म्हणजे तपासणीचे दाखले, न्हावा शेव्याच्या सीएचएने म्हणजे कस्टम एजंटने पाठवलेली शिपिंग बिलं, प्रदूषण नियंत्रण मंडळाला दिलेलं उत्तर असं सगळं असतं. केमिकल, औषधं, कापड, स्टील, माल कुठलाही असो, ‘तेव्हा काय ठरलं होतं’ याचा पुरावा त्या एका आउटलुकमध्ये असतो.

आता हा विषय टाळता येत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ या एकाच दिवशी विंडोज १० आणि ऑफिस २०१६, ऑफिस २०१९ या तिघांचाही आधार मायक्रोसॉफ्टने काढून घेतला. ते बंद पडले नाहीत, पण सुरक्षेची नेहमीची दुरुस्ती येणं थांबलं. नवा कॉम्प्युटर घेतला की त्यात विंडोज ११ असतं आणि ‘आउटलुक’ नावाचं एक चिन्ह आधीच बसवलेलं असतं. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

नाव एक, प्रोग्रॅम दोन

ते आयतं बसवलेलं आउटलुक म्हणजे ‘न्यू आउटलुक’. दिसायला जुन्याची सुधारित आवृत्ती वाटते, पण आतून ते वेगळंच सॉफ्टवेअर आहे. ब्राउझरमध्ये जे आउटलुक उघडतं, तेच खिडकीत बसवून दिलं आहे म्हणा. १ ऑगस्ट २०२४ला मायक्रोसॉफ्टने ते कंपन्यांसाठी तयार असल्याचं जाहीर केलं. विंडोजमधलं साधं ‘मेल’ ॲप ३१ डिसेंबर २०२४ला बंद करून त्याच्या जागीही हेच आणलं. जानेवारी २०२५पासून मायक्रोसॉफ्ट ३६५च्या बिझनेस स्टँडर्ड आणि प्रीमियम वर्गणीदारांना आपोआप तिकडे वळवायला सुरुवात झाली. सोमवारी सकाळी कोणी ‘माझं आउटलुक बदललंय’ म्हणून ओरडलं, तर त्यामागे बहुधा हेच असतं.

जुनं, म्हणजे आता ज्याला ‘क्लासिक’ म्हणतात ते, मेलेलं नाही. त्याला किमान २०२९पर्यंत आधार देऊ असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. दोन्ही एकाच कॉम्प्युटरवर शेजारी-शेजारी नांदतात. वर उजव्या कोपऱ्यातलं ‘न्यू आउटलुक’ हे बटण बंद केलं की माणूस परत क्लासिकमध्ये येतो. म्हणजे घाई कोणालाच नाही. घाई फक्त ऑफिस २०१९च्या आणि त्याहून जुन्या मंडळींनी करायची.

मेल राहतो कुठे

सगळ्यात आधी हे तपासायचं, आणि नेमकं हेच कोणी तपासत नाही. आउटलुक म्हणजे नुसती खिडकी. मेल सर्व्हरवर आहे की त्या एका हार्ड डिस्कवर, हे त्या खिडकीतून कळत नाही. दोन्हीकडे इनबॉक्स सारखाच दिसतो.

याचं मूळ डायल-अपच्या काळात आहे. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ला भारतात लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा फोनची लाइन लावायची, मेल खाली ओढायचे आणि लाइन तोडायची, असा शिरस्ता होता. त्याला लागणारी पद्धत म्हणजे पॉप. पॉप सर्व्हरवरचे मेल तुमच्या कॉम्प्युटरवर उतरवतं आणि सर्व्हरवरून पुसतं. जिथे मेलबॉक्सच दहा-वीस एमबीचा मिळायचा, तिथे ते शहाणपणाचंही होतं. पुढे ब्रॉडबँड आलं, मोबाइल आले, पण ज्याने पहिल्यांदा मेल सेट करून दिला त्याने पॉप ठेवलं होतं, म्हणून आजही पॉपच आहे. आउटलुक २०१०पासून पॉपच्या खात्याला एक आयती सेटिंग असते: सर्व्हरवर प्रत ठेवा, पण १४ दिवसांनी काढून टाका. ती कोणी हात लावून बदलली नसेल, तर मोबाइलवर किंवा वेबमेलवर दोन आठवड्यांचेच मेल दिसतात. त्याआधीचं सगळं त्या घरघरणाऱ्या डब्यात, आणि फक्त तिथेच.

दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे आयमॅप किंवा एक्स्चेंजमध्ये, मेल सर्व्हरवर राहतात आणि कॉम्प्युटरवर त्यांची नक्कल असते. असं खातं असेल तर नव्या प्रोग्रॅममध्ये नाव-पासवर्ड टाकला की मेल आपोआप खाली येतात. असं खातं असणाऱ्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल, फक्त पुढचे पत्त्यांचे आणि क्लाउडचे भाग वाचावेत.

तपासायचं असं: क्लासिकमध्ये ‘फाइल’, मग ‘अकाउंट सेटिंग्ज’. पहिल्या टॅबमध्ये खात्यापुढे पॉप, आयमॅप की एक्स्चेंज हे लिहिलेलं असतं. शेजारच्या ‘डेटा फाइल्स’ टॅबमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता असतो. शेवटी ‘पीएसटी’ असेल तर ती खरी तिजोरी; ‘ओएसटी’ असेल तर ती सर्व्हरवरच्या मालाची नक्कल. बहुतेक ठिकाणी या यादीत एकाऐवजी चार फाइली निघतात. ‘आर्काइव्ह’, ‘ओल्ड मेल’, ‘ओल्ड मेल फायनल’, आणि एक डी ड्राइव्हवर कोणी तरी कधी तरी हलवलेली. चारही महत्त्वाच्या आहेत असं धरूनच चाला.

फाइलच्या आकाराकडेही बघा. आउटलुक २००२पर्यंतच्या पीएसटीची मर्यादा २ जीबी होती. तिला टेकली की फाइल खराब व्हायची. २००३पासून नवा साचा आला, मर्यादा २० जीबी झाली आणि २०१०पासून ५० जीबी. जुन्या साच्यातली फाइल पुढे ओढत आणली असेल तर तिची मर्यादा अजूनही २ जीबीच असते. अशी फाइल उघडताना कुरकुर करत असेल, तर ऑफिसच्याच फोल्डरमध्ये ‘स्कॅनपीएसटी’ नावाचं दुरुस्तीचं साधन आहे. पण आधी प्रत काढायची, मग दुरुस्ती. उलट क्रमाने केलं तर कधी कधी आहे तेही जातं.

बदलण्याचा दिवस

कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी, डिस्पॅचची गाडी गेटबाहेर पडल्यावर हे काम काढावं. आउटलुक पूर्ण बंद करा. उघडं असताना पीएसटीची धड प्रत निघत नाही. सगळ्या फाइली एका बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून क्लासिक आउटलुकमध्ये फाइल उघडा आणि सगळ्यात जुन्या वर्षातला अटॅचमेंट असलेला एक मेल शोधून ती अटॅचमेंट उघडा. एखादा २०१४चा सीओए स्क्रीनवर स्वच्छ वाचता आला, की प्रत झाली असं म्हणायचं. ‘कॉपी हंड्रेड पर्सेंट’ दिसलं म्हणजे प्रत झाली असं नव्हे.

मेलबरोबर आणखी काही गोष्टी राहून जातात. आयमॅप खात्यात मेल सर्व्हरवर असले, तरी आउटलुकमधले पत्ते आणि कॅलेंडर बहुधा त्याच कॉम्प्युटरवर असतात. ते वेगळे एक्स्पोर्ट करावे लागतात. सह्या ‘सिग्नेचर्स’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. ‘अमुक पार्टीचे मेल अमुक फोल्डरमध्ये’ असे नियम लावले असतील तर त्यांचीही फाइल काढून ठेवता येते. आणि ‘टू’मध्ये दोन अक्षरं टाकली की खाली उतरणारी नावांची यादी, ती म्हणजे पत्त्यांची वही नव्हे. कित्येकांकडे वही अशी नसतेच, ती यादीच वही असते. नव्या कॉम्प्युटरवर ती बऱ्याचदा कोरी मिळते आणि पहिल्या तासातच खरी बोंब त्यासाठी उठते. रोजच्या पार्ट्यांचे पत्ते आदल्या दिवशीच कॉन्टॅक्ट्समध्ये घालून ठेवले तर ती टळते.

पीएसटी नव्या कॉम्प्युटरवर ठेवताना दोन जागा टाळा. एक, ऑफिसच्या नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर. तिथून पीएसटी चालवायला मायक्रोसॉफ्टचीच मान्यता नाही, फाइल बिघडते. दुसरी, वनड्राइव्ह. विंडोज ११ ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर बऱ्याचदा न विचारल्यासारखंच वनड्राइव्हमध्ये घालतं आणि आउटलुक आपली फाइल तिथेच ठेवतं. मग वीस जीबीची फाइल दिवसभर वर चढत राहते.

नव्यात काय नाही

न्यू आउटलुकमध्ये जुन्या पद्धतीचे ॲड-इन, म्हणजे ‘कॉम’ ॲड-इन, चालत नाहीत, मॅक्रोही नाहीत. तुमच्या ईआरपीवाल्याने आउटलुकमध्ये एखादं बटण बसवून दिलं असेल, तर ते तिथे दिसणार नाही. आधी त्याला फोन करून विचारा. वर्डमधून शंभर पार्ट्यांना एकदम पत्रं पाठवायचं मेल मर्जही क्लासिकच्या भरवशावर चालतं. पॉप खात्यांना सुरुवातीला तिथे जागाच नव्हती. पीएसटीचं तसंच: आधी नुसतं वाचायची सोय झाली, बाकी हप्त्याहप्त्याने येत गेलं, आणि पीएसटी उघडायची तर त्याच कॉम्प्युटरवर क्लासिकही असावं लागतं. नव्या घराची किल्ली जुन्या घरात ठेवण्याचा हा प्रकार आहे.

आणखी एक गोष्ट मालकाच्या कानावर घालायला हवी. जीमेल किंवा तुमच्या डोमेनचं आयमॅप खातं न्यू आउटलुकमध्ये जोडलं, की ते मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधून फिरतात आणि त्यांची प्रत तिथे राहते. जोडताना तसं विचारलंही जातं, पण ‘कंटिन्यू’ दाबायची सवय आपल्या सगळ्यांना आहे. २०२३मध्ये यावरून जर्मनीत बराच गदारोळ झाला होता.  परदेशी औषध कंपनीशी गुप्ततेचा करार केला असेल, तर तिची कागदपत्रं तिसऱ्याच्या सर्व्हरवर जाताहेत हे मालकाला ठाऊक असावं. फुकट वापरणाऱ्यांना इनबॉक्समध्ये जाहिरातीही दिसतात.

पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा पुन्हा मागतो

आउटलुक २०१० वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. पासवर्ड बरोबर असतो, दारच बदललेलं असतं. नुसत्या नाव-पासवर्डवर आत घेणं मोठ्या सेवांनी बंद केलं: मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज ऑनलाइनने १ ऑक्टोबर २०२२पासून, हॉटमेल-आउटलुक डॉट कॉमने १६ सप्टेंबर २०२४पासून. नवी पद्धत आउटलुक २०१०ला येतच नाही. जीमेलने वैयक्तिक खात्यांसाठी हे ३० मे २०२२ला केलं, पण एक वाट ठेवली: टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सोळा अक्षरी ‘ॲप पासवर्ड’ घ्यायचा आणि तो आउटलुकमध्ये टाकायचा. स्कॅन करून थेट मेल करणाऱ्या झेरॉक्स मशीनलाही हाच पासवर्ड द्यावा लागतो.

मराठी मजकूर

युनिकोडमधले मराठी मेल कुठेही नेले तरी वाचता येतात. अडचण जुन्या फॉन्टमधल्या मजकुराची. कामगारांच्या नोटिसा, ग्रामपंचायतीशी झालेला पत्रव्यवहार त्या काळी श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेवमध्ये व्हायचा. नव्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर रोमन अक्षरांचा भुगा दिसतो. जुन्या कॉम्प्युटरच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधून ते फॉन्ट उचलून आणले की मजकूर परत उमटतो. परवाना तेवढा बघा. पत्त्यांमध्ये देवनागरी नावं असतील तर सीएसव्हीऐवजी पीएसटीमध्येच एक्स्पोर्ट करा, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

किती वर्षं जपायचं

कंपनी कायद्याच्या कलम १२८प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि त्यांची व्हाउचरं आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. जीएसटीत वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने. बिलं आणि ऑर्डरी मेलनेच येत असतील, तर मेलही त्याच हिशेबात धरा.

कोर्टकज्जा झाला तर मेलचा नुसता प्रिंट पुरत नाही. जालन्याच्या २०१४च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात जो खटला झाला, त्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२०मध्ये स्पष्ट केलं, की मूळ उपकरण हजर केलं नाही तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३नुसार त्याचा नमुनाच ठरवून दिला आहे, त्यात फाइलची ‘हॅश’, म्हणजे तिचा डिजिटल ठसाही भरावा लागतो. म्हणून एखाद्या पार्टीशी वाद चालू असेल, तर तो जुना कॉम्प्युटर भंगारात काढू नका. कपड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा.

कोणी जावं, कोणी थांबावं

ज्यांचे मेल मायक्रोसॉफ्ट ३६५वर आहेत आणि ॲड-इन नाहीत, त्यांनी खुशाल न्यू आउटलुकवर जावं. शोध जलद आहे, कॉम्प्युटर बदलला तरी काही अडत नाही. पॉप आणि मोठ्या पीएसटीवाल्यांनी तूर्त क्लासिकची आधार असलेली आवृत्ती घ्यावी आणि सवडीने आयमॅपवर यावं: त्याच क्लासिकमध्ये आयमॅप खातं जोडायचं, आणि जुनी फोल्डरं एकेक वर्ष करून त्यात ओढायची. होस्टिंगवाल्याकडे जागा किती आहे ते आधी विचारायचं. खर्च नको असेल तर थंडरबर्ड हा चांगला फुकट पर्याय आहे, पॉपही नीट सांभाळतो. मात्र पीएसटी थेट उघडत नाही, तिथेही आयमॅपची वाट बरी पडते.

डोमेन कोणाच्या नावावर

हे सगळं करायला बसलं की होस्टिंगचं लॉगिन लागतं, आणि बऱ्याच कारखान्यांत ते कोणाकडेच नसतं. पूर्वी कधी तरी वेबसाइट करून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलेलं असतं. नूतनीकरणाचे निरोप त्याच्या मेलवर जातात. त्याने धंदा सोडला किंवा निरोप बघितला नाही, तर एके दिवशी कंपनीचे सगळे मेल एकदम थांबतात. आउटलुकला हात लावण्याआधी त्याला गाठा, डोमेन कंपनीच्या नावावर करून घ्या, आणि नोंदणीत जो मेल आयडी द्याल तो त्याच डोमेनवरचा देऊ नका.