ऐकलेल्या केंद्रांची वही

लागलेल्या प्रत्येक रेडिओ केंद्राची तारीख, वेळ आणि कंप्रता लिहून ठेवायची वही म्हणजे श्रोत्याचे लॉगबुक. दूरची, अंधुक केंद्रे मुद्दाम शोधून ऐकण्याच्या छंदाला डीएक्सिंग म्हणतात आणि त्यात रेडिओइतकेच महत्त्व या वहीला असते. साधी दोनशे पानी वही चालते, रकाने मात्र आधी आखून घ्यावे लागतात.

पहिली गफलत वेळेच्या रकान्यात होते. नोंदी जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत करायचा रिवाज आहे. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करायचे. वजाबाकी सगळ्यांनाच जमते, तारीख मात्र विसरते. 12 तारखेला पहाटे 4 वाजता लागलेले केंद्र वहीत 11 तारखेला, 2230 वाजता जाते.

कंप्रता किलोहर्ट्झमध्ये लिहितात. भारतात मध्यम लहरींवरची केंद्रे 9 किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत, पुणे आकाशवाणी 792 वर. त्यामुळे तबकडीवरची सुई जरा इकडेतिकडे झाली, तरी अचूक आकडा ठरवता येतो. स्वस्त संचात दुसरीच फसगत होते. 9600 वरचे जोरदार केंद्र 8690 वरही ऐकू येते, कारण संचातली मधली कंप्रता 455 असली की तिच्या दुपटीइतके खाली केंद्राचे भूत उमटते. नवखा श्रोता ते नवे केंद्र म्हणून टिपतो.

ऐकू कसे आले, हे ‘सिन्पो’ या पाच आकड्यांत सांगतात: संकेताचा जोर, शेजारच्या केंद्राची लुडबुड, खरखर, लहरींचा चढउतार आणि शेवटी एकूण दर्जा. प्रत्येकाला 1 ते 5 गुण. 5 सर्वांत चांगला. 43433 म्हणजे आवाज दमदार, पण शेजारी त्रासदायक. खरखरीचा आकडा घरातला एलईडी दिवा किंवा मोबाइलचा चार्जरही पाडतो, आणि वळवाच्या दिवसांत दूरवर चमकणारी वीजसुद्धा. लांबच्या केंद्राला सरसकट 55555 देणे हा भिडस्तपणा झाला; प्रक्षेपकाच्या अभियंत्याला त्यातून काहीच कळत नाही.

सर्वांत मोठा रकाना कार्यक्रमाच्या तपशिलाचा. ‘संगीत, मग बातम्या’ ही नोंद कुठल्याही केंद्राची असू शकते. ‘1702 बाई बातम्या वाचते, 1710 बासरी, 1714 केंद्राचे नाव’ असे मिनिटागणिक लिहिले, तर पडताळा घेता येतो. नाव कानावर पडलेच नाही, तर ‘अनोळखी’ लिहून पुढे जावे. अंदाजाने ठोकून दिलेले नाव पुढे खोडताना जिवावर येते.

अशा नोंदींवरून श्रोता केंद्राला श्रवण-अहवाल पाठवतो. तो कार्यक्रमाशी जुळला, तर केंद्राकडून क्यूएसएल कार्ड येते. आकाशवाणीही ती देत आली आहे. वहीत त्या नोंदीपुढे कार्ड आल्याची तारीख पडते.

वर्षे लोटली की वहीत ऋतू दिसू लागतात. मध्यम लहरी दिवसा वातावरणाच्या आयनांबरातील खालचा थर शोषून घेतो आणि अंधार पडल्यावर त्याच लहरी वरच्या थरावरून परततात. म्हणून दूरच्या केंद्रांच्या नोंदी रात्रीच्या असतात. लघुलहरींच्या नोंदी सौरडागांच्या सुमारे 11 वर्षांच्या चक्राबरोबर वरखाली होतात. काही नावे मात्र एका तारखेनंतर वहीत येतच नाहीत: रेडिओ ऑस्ट्रेलियाच्या लघुलहरी जानेवारी 2017 अखेर थांबल्या, बीबीसी हिंदीच्या 31 जानेवारी 2020 रोजी.