गाभे सोळा, पाया कोणता?

नवा संगणक जुळवून घ्यायचा ठरले की चर्चा सुरू होते ती प्रोसेसरपासून. कोणत्या कंपनीचा, किती कोअरचा, किती गिगाहर्ट्झचा, याची खल रंगते. त्यानंतर ग्राफिक्स कार्डाचा विषय निघतो. मदरबोर्डचा क्रमांक लागतो तो शेवटी. अंदाजपत्रकात जे काही उरले असेल त्यात बसेल तो बोर्ड घ्यायचा, असाच बहुतेकांचा व्यवहार असतो. चार कोअरच्या जमान्यात हा व्यवहार खपून जात असे. आता बारा, सोळा किंवा चोवीस कोअरचे प्रोसेसर घरगुती टेबलावर आल्यानंतर मात्र तो अंगाशी येऊ शकतो. इमारत कितीही देखणी असली तरी पाया कच्चा असेल तर तिचा उपयोग काय?

कोअर म्हणजे प्रोसेसरमधील प्रत्यक्ष गणन करणारा गाभा. २००५ साली सामान्य ग्राहकांसाठी दोन गाभ्यांचे प्रोसेसर बाजारात आले आणि २००७ पर्यंत ही संख्या चारवर गेली. त्यानंतर तब्बल दहा वर्षे सर्वसाधारण डेस्कटॉपसाठी चार हाच आकडा कायम राहिला. मार्च २०१७ मध्ये एएमडी कंपनीने रायझन मालिकेतील आठ कोअरचा प्रोसेसर आणला आणि ही कोंडी फुटली. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याच सॉकेटवर सोळा कोअरचा रायझन ९ ३९५०एक्स दाखल झाला. आज एएमडीच्या एएम५ सॉकेटवरील रायझन ९ ९९५०एक्समध्ये सोळा, तर इंटेलच्या कोअर अल्ट्रा ९ २८५केमध्ये चोवीस कोअर आहेत. इंटेलच्या चोवीसपैकी आठ कोअर वेगवान आणि सोळा कमी विजेवर चालणारे आहेत, एवढा फरक ध्यानात ठेवावा. अ‍ॅनिमेशन, चलचित्र संपादन, वास्तुरचनेची त्रिमितीय चित्रे किंवा मोठ्या सॉफ्टवेअरची जुळणी करणाऱ्यांसाठी ही पर्वणीच आहे. पण या सर्व गाभ्यांना एकाच वेळी काम द्यायचे तर त्यांना वीज, स्मृती आणि वाहतुकीचे रस्ते पुरवणारा बोर्ड तितकाच समर्थ हवा.

विजेचा हिशेब

प्रोसेसरच्या खोक्यावर एक आकडा छापलेला असतो. रायझन ९ ९९५०एक्सच्या बाबतीत तो १७० वॉट आहे. अनेकांचा समज असा की प्रोसेसर जास्तीत जास्त एवढीच वीज घेतो. प्रत्यक्षात सॉकेटमधून या प्रोसेसरला २३० वॉटपर्यंत वीज घेण्याची मुभा आहे. इंटेलच्या वर उल्लेखिलेल्या प्रोसेसरचा मूळ आकडा १२५ वॉट असला तरी त्याची कमाल मर्यादा २५० वॉट आहे.

आता ही वीज पोहोचते कशी ते पाहू. पॉवर सप्लायकडून मदरबोर्डला १२ व्होल्टची वीज मिळते. प्रोसेसरला मात्र साधारण एक ते सव्वा व्होल्ट लागतो. हा दाब उतरवण्याचे काम सॉकेटच्या भोवती मांडलेले सर्किट करते. त्याला व्होल्टेज रेग्युलेटर किंवा लघुरूपाने व्हीआरएम म्हणतात. शाळेत शिकलेले सूत्र आठवावे. दाब कमी आणि शक्ती तेवढीच, तर प्रवाह वाढतो. २०० वॉट शक्ती १.२ व्होल्टने द्यायची तर ढोबळ हिशेबाने १६६ अँपिअरचा प्रवाह लागतो. घरातील एअर कंडिशनरच्या स्वतंत्र बटणावर बहुधा १६ किंवा २० अँपिअर असे लिहिलेले असते, यावरून हा आकडा किती मोठा आहे याची कल्पना यावी.

हे रूपांतर करताना काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. दहा टक्के जरी धरली तरी वीस वॉट झाली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातील सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचे असते. म्हणजे जवळजवळ तेवढी उष्णता सॉकेटच्या कडेच्या चिंचोळ्या पट्टीत तासन् तास निर्माण होत राहते.

हलक्या बोर्डवर हे सर्किट तापते तेव्हा फार विचित्र गोष्ट घडते. काहीही बिघडल्याची सूचना येत नाही, संगणक बंद पडत नाही. तापमान शंभर अंशांच्या पुढे जाऊ लागले की बोर्ड स्वतःच्या बचावासाठी प्रोसेसरचा वेग मुकाट्याने कमी करतो. पहिली पाच मिनिटे काम झपाट्याने होते आणि मग रेंगाळते. सोळा कोअरचे पैसे मोजलेल्या ग्राहकाला बारा कोअरचा वेग मिळतो आणि त्याचे कारण त्याला कधीच कळत नाही. आपल्याकडे तर नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. हवेचे तापमान वाढले की बोर्डचे तापमानही जवळजवळ तेवढेच वर सरकते. थंड प्रयोगशाळेत जेमतेम उत्तीर्ण झालेला बोर्ड मे महिन्यात वऱ्हाडात नापास होऊ शकतो.

मग चांगला बोर्ड ओळखावा कसा? खोक्यावर छापलेल्या 'फेज'च्या संख्येवर विसंबू नये. चौदा, सोळा, अठरा असे आकडे मिरवले जातात. पण प्रत्येक फेजमधील घटक किती अँपिअर पेलू शकतो हे कळल्याखेरीज त्या संख्येला अर्थ नाही. त्याऐवजी तीन गोष्टी पाहाव्यात. सॉकेटच्या कडेला धातूचे भरीव, खाचा असलेले उष्णताशोषक आहेत का? प्रोसेसरच्या विजेसाठी आठ पिनांच्या दोन जोडण्या आहेत का? आणि प्रोसेसरवर अर्धा तास पूर्ण भार टाकून बोर्डचे तापमान मोजणाऱ्या स्वतंत्र चाचणीत त्याचा निकाल काय आहे? यापैकी तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आणखी एक बारकावा असा, की प्रोसेसरवर पंख्याऐवजी पाण्याने थंड करणारी यंत्रणा बसवली तर सॉकेटभोवती हवा खेळणे थांबते. अशा वेळी डब्यातील पंख्यांची मांडणी अधिक काळजीने करावी लागते.

चिपसेटचा गैरसमज

एएम५ सॉकेटसाठी ए६२०, बी६५०, बी८५०, एक्स८७०, एक्स८७०ई अशी चिपसेटची लांबलचक मालिका आहे. नाव जितके मोठे तितका संगणक वेगवान, असे विक्रेते भासवतात. ते खरे नाही. वीजपुरवठा आणि स्मृती सारखी असेल तर तोच प्रोसेसर बी६५० आणि एक्स८७०ई यांवर जवळजवळ सारख्याच वेगाने चालतो. चिपसेट ठरवतो ती जोडण्यांची संख्या: किती डिस्क, किती यूएसबी, किती जादा कार्डे. ए६२०चे बोर्ड मात्र मुख्यतः ६५ वॉट गटातील प्रोसेसरसाठी बनवलेले असल्याने सोळा कोअरसाठी ते टाळलेले बरे.

जोडण्यांचे गणितही समजून घेण्याजोगे आहे. एएम५ प्रोसेसरमधून माहितीच्या वाहतुकीच्या २८ मार्गिका निघतात. त्यातील चार चिपसेटकडे जातात. उरलेल्या २४ पैकी १६ ग्राफिक्स कार्डासाठी असतात आणि आठ वेगवान डिस्क व तत्सम कामांसाठी. चिपसेटला जोडलेली सर्व उपकरणे त्या चार मार्गिकांतूनच प्रोसेसरपर्यंत पोहोचतात आणि त्यांची एकत्रित क्षमता सेकंदाला सुमारे ८ गिगाबाइट आहे. एक्स८७०ईमध्ये दोन चिप साखळीने जोडलेल्या असल्या तरी प्रोसेसरकडे जाणारा पूल एकच. गल्ल्या वाढल्या म्हणून पूल रुंद होत नाही!

म्हणूनच बोर्डवर पाच डिस्कच्या जागा दिसल्या म्हणजे पाचही एकाच वेळी पूर्ण वेगाने चालतील असे नाही. काही बोर्डवर दुसरी वेगवान डिस्क बसवली की ग्राफिक्स कार्डाच्या मार्गिका १६ वरून ८ होतात. काहींवर यूएसबी४ आणि डिस्क यांत वाटणी होते. ही माहिती जाहिरातीत नसते. ती बोर्डच्या माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरांत असते. ही पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. खरेदीपूर्वी तिची पंधरा मिनिटे चाळणी करावी.

स्मृती: चारपेक्षा दोन बऱ्या

सोळा गाभे एकाच वेळी स्मृतीकडे माहिती मागतात, पण घरगुती सॉकेटवर स्मृतीच्या वाहिन्या दोनच असतात. इथे एक चूक सर्रास होते. आज दोन पट्ट्या घेऊ, पुढे पैसे आले की आणखी दोन टाकू, हा जुना हिशेब डीडीआर५ स्मृतीला लागू पडत नाही. रायझन ९ ९९५०एक्ससाठी दोन पट्ट्या असताना अधिकृत वेग ५६०० आहे. चार पट्ट्या बसवल्या की तो ३६०० वर उतरतो. तेव्हा ६४ किंवा ९६ जीबी हवी असल्यास ती आरंभीच दोन मोठ्या पट्ट्यांत घ्यावी. घेतलेली पट्टी बोर्ड उत्पादकाच्या तपासलेल्या यादीत आहे की नाही हेही पाहावे.

पहिल्यांदा वीज दिल्यावर हे बोर्ड स्मृतीची जुळवणी करतात. तेवढा वेळ, कधी कधी काही मिनिटे, पडदा काळाच राहतो. घाबरून वीज तोडू नये. बोर्ड बिघडला असे समजून तो दुकानात परत नेणारे अनेक आहेत.

बायोस: दुर्लक्षित पण निर्णायक

प्रोसेसर नवा आणि दुकानातील बोर्ड वर्षभरापूर्वीचा, असे झाले तर सॉकेट जुळूनही संगणक सुरू होत नाही. कारण बोर्डवरील बायोस या मूळ सॉफ्टवेअरला नव्या प्रोसेसरची ओळख नसते. यासाठी प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायोस बदलण्याची सोय काही बोर्डवर असते. मागच्या बाजूला तिचे स्वतंत्र बटण दिसते. नव्या प्रोसेसरसाठी बोर्ड घेताना ही सोय असलीच पाहिजे, असा आग्रह धरावा.

बायोसचे महत्त्व अलीकडच्या दोन प्रकरणांनी अधोरेखित केले आहे. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीचे काही रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसह जळाल्याचे प्रकार समोर आले. काही बोर्ड प्रोसेसरच्या एका भागाला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते. त्यानंतर एएमडीने त्या व्होल्टेजवर १.३ची मर्यादा घातली आणि बोर्ड उत्पादकांनी नवे बायोस दिले. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांतील अस्थिरतेचे प्रकरण २०२४ मध्ये गाजले. त्यात प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनासंचातील दोष प्रमुख होता. पण बोर्ड उत्पादकांनी इंटेलच्या शिफारशीपेक्षा सैल ठेवलेल्या वीजमर्यादा हेही एक कारण इंटेलने नोंदवले. इंटेलला नवे सूचनासंच द्यावे लागले आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली.

या दोन्ही प्रकरणांतून ग्राहकाने घ्यायचा धडा एकच. चाचण्यांत पुढे दिसण्यासाठी बोर्ड उत्पादक कारखान्यातूनच मर्यादा ओलांडून ठेवू शकतात. तेव्हा संगणक जुळवल्यावर पहिले काम बायोस अद्ययावत करण्याचे आणि दुसरे, वीजमर्यादा प्रोसेसर कंपनीने सांगितल्याप्रमाणेच आहेत ना, हे तपासण्याचे. उलट मर्यादा थोडी कमी केली तर वीज आणि उष्णता बरीच घटते, वेग मात्र त्या मानाने थोडाच कमी होतो. उन्हाळ्यासाठी हा उपाय चांगला.

उद्याचा विचार

एएमडीच्या आधीच्या एएम४ सॉकेटने अनेक पिढ्यांना साथ दिली. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ला २०२७ आणि त्यापुढेही आधार देण्याचे आश्वासन कंपनीने २०२४ मध्ये दिले आहे. इंटेलचे सॉकेट तुलनेने लवकर बदलत आले आहेत. याउलट अनुभवही आहे. एएमडीनेच २०१९ मध्ये थ्रेडरिपरसाठी आणलेले टीआरएक्स४० बोर्ड एका पिढीपुरतेच उपयोगी ठरले. थ्रेडरिपरवर ६४ कोअरपर्यंत मजल जाते, स्मृतीच्या चार वाहिन्या आणि जादा कार्डांसाठी भरपूर मार्गिका मिळतात. पण बोर्ड महाग आणि त्यांची स्मृतीही सर्व्हरच्या जातीची, वेगळी. दोन-तीन ग्राफिक्स कार्डे पूर्ण वेगाने चालवायची नसतील किंवा प्रचंड स्मृती लागणार नसेल, तर त्या वाटेला न गेलेलेच बरे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावच्या दुकानात खरेदीला जाताना यादी अशी असावी: प्रोसेसर बोर्डच्या अधिकृत यादीत आहे, पूर्ण भाराखालील तापमानाची चाचणी वाचली आहे, मार्गिकांची वाटणी तपासली आहे, बायोस बदलण्याचे बटण आहे, पावतीवर अनुक्रमांक लिहून घेतला आहे. खोके दुकानातच उघडून सॉकेटमधील पिना सरळ आहेत ना, हे पाहावे. वाकलेल्या पिनांवर हमी सहसा मिळत नाही. सॉकेटवरील प्लास्टिकचे झाकण फेकू नये. बोर्ड दुरुस्तीला पाठवताना त्याची गरज पडते.

महागड्या बोर्डवरील रंगीत दिवे आणि काचेची नक्षी यांना भुलण्याचे कारण नाही. मध्यम किमतीचा, पण वीजपुरवठ्यात भक्कम असा बोर्ड सोळा कोअरना पुरून उरतो. वाचलेले पैसे स्मृती, चांगला पॉवर सप्लाय आणि यूपीएस यांवर खर्च करावेत. बोर्ड ही मिरवण्याची वस्तू नव्हे. तो नीट निवडला असेल तर पुढची पाच-सहा वर्षे त्याची आठवणही होत नाही, आणि हेच त्याच्या चांगलेपणाचे लक्षण.