भाऊबीज झाली, देव खाली निघाले!

काश्मीर-हिमाचलात बर्फ पडल्याची बातमी आली की मागोमाग निफाडचा पारा घसरतो आणि द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. आपल्या वाट्याला येते ती नुसती गार हवा. जिथे हा बर्फ थेट अंगणात येऊन मुक्काम ठोकतो, तिथे मात्र देवापासून निवडणुकीपर्यंत सगळ्यांना त्याच्याच तारखा सांभाळाव्या लागतात. त्या दुनियेतल्या या काही मासलेवाईक गोष्टी.

बर्फ येतो भूमध्य समुद्राकडून
काश्मीरचा हिवाळी बर्फ आपल्या मोसमी पावसाचा कोणी लागत नाही. भूमध्य समुद्राच्या परिसरात जन्मलेले पश्चिमी झंझावात इराण-अफगाणिस्तान ओलांडत, वाटेत आणखी बाष्प गोळा करत हिमालयाला धडकतात. तिथे वर चढता चढता हवा थंड होते आणि भार हलका करते. गुलमर्गच्या उतारावर घसरणारा पर्यटक इतक्या लांबून आलेल्या मालावर मजा करत असतो!

थंडीचे तीन भाऊ
काश्मिरी हिवाळा हप्त्याहप्त्याने येतो. २१ डिसेंबरला ‘चिल्लई कलान’ दाखल होतो, चाळीस दिवसांसाठी. तो गेला की वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटी दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’. थोरला सगळ्यात खाष्ट: दल सरोवराच्या कडा गोठवतो, नळातलं पाणी अडवतो. शाळा तर त्याच्याशी वाद घालतच नाहीत. तिथली मोठी सुट्टी मे महिन्यात नसते, हिवाळ्यात असते.

हातात घेतलंत? हरलात!
मोसमातला पहिला बर्फ पडला की काश्मिरात जुनी गंमत चालते. थोडासा बर्फ कशात तरी दडवून ओळखीच्या माणसाच्या हातात द्यायचा. त्याने बेसावधपणे घेतला की तो हरला, आता मेजवानी त्याच्याकडून! पहिल्या बर्फाचं कौतुक फार जुनं आहे. काश्मीरचा इतिहास लिहिताना कल्हणाने बाराव्या शतकात ज्याचा आधार घेतला, त्या नीलमत पुराणातही पहिल्या हिमवर्षावाचा उत्सव सांगितला आहे आणि त्या दिवशी नवं मद्य प्यावं, असंही.

कपड्यांच्या आत निखारे
घोळदार फेरनच्या आत काश्मिरी माणूस चक्क शेगडी घेऊन फिरतो. कांगडी म्हणजे विणलेल्या टोपलीत बसवलेलं मातीचं भांडं, त्यात कोळशाचे निखारे. अंगाला ऊब देणारं याहून स्वस्त यंत्र सापडणं कठीण. पण वर्षानुवर्षं एकाच जागी चटके बसले तर त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. ‘कांगडी कॅन्सर’ची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झाली ती १८६६ साली. जुन्या घरांत आणि मशिदींत हमामही असतो: दगडी फरशीच्या खालच्या पोकळीत लाकडं पेटवायची आणि वर निवांत बसायचं.

जानेवारीची भाजी ऑगस्टमध्ये
आपण पावसाळ्यासाठी कुरडया-पापड वाळवतो, तसं काश्मिरी घर हिवाळ्यासाठी भाज्याच वाळवतं. दुधी, वांगी, टोमॅटो कापून, दोऱ्यात ओवून उन्हात टांगतात. या वाळवणाला म्हणतात ‘होख स्युन’. सुकी मासळीही सोबतीला असते. रस्ते बंद झाले, भाजीचा ट्रक अडकला, तरी चूल अडत नाही. आणि सकाळी सकाळी हरीसा: रात्रभर शिजवून, घोटून एकजीव केलेलं मटण, खास थंडीतलं.

छपरावर ट्यूलिप
ताजा भुसभुशीत बर्फ म्हणजे जवळपास नव्वद टक्के हवा. तरी एक मीटर थर साचला तर प्रत्येक चौरस मीटरवर शंभरेक किलोंचं ओझं होतं, ओला झाला तर कित्येक पट. काश्मिरातल्या जुन्या छपरांवर भूर्जाच्या सालींचे थर आणि वर माती असायची. हिवाळ्यात ऊब, वसंतात त्याच छपरावर ट्यूलिप आणि आयरिस! आता उतरते पत्रे आले. त्यावरून बर्फ आपोआप घसरतो, म्हणून त्यांच्या खालून चालताना नजर वर ठेवायची.

देवांची हिवाळी बदली
भाऊबीजेला आपण ओवाळणीत गुंतलेले असतो, तेव्हा केदारनाथाची दारं बंद होतात. देवाची पालखी उखीमठला येते आणि हिवाळाभर पूजा तिथेच चालते. बद्रीनाथ नोव्हेंबरात बंद होतं. त्याआधी मूर्तीला तुपात भिजवलेली लोकरी कांबळ पांघरतात, ती विणतात जवळच्याच माणा गावातल्या मुली. हे गावकरीही मग खालच्या गावांत राहायला जातात. बद्रीनाथचे मुख्य पुजारी, म्हणजे रावल, मूळचे कुठले? केरळचे नंबुद्री!

देव हलतात, तर सरकार का नाही? महाराजा रणबीर सिंहांनी १८७२ मध्ये हिवाळ्यात श्रीनगरहून जम्मूला राजधानी हलवायला सुरुवात केली. हा ‘दरबार मूव्ह’ स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला, ट्रक भरभरून फायली दर सहा महिन्यांनी वर-खाली करत. २०२१ मध्ये तो थांबला आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला.

बर्फामुळे पहिला नंबर
देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुतेक ठिकाणी मतदान झालं १९५२ उजाडल्यावर. पण तोवर हिमाचलातल्या किन्नौरमधलं चिनी, म्हणजे आजचं कल्पा, बर्फाखाली गेलं असतं. म्हणून तिथे २५ ऑक्टोबर १९५१ लाच मतदान उरकलं आणि शाळामास्तर श्याम सरन नेगी स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून प्रसिद्ध झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये, वयाच्या १०५ व्या वर्षी त्यांनी घरूनच टपाली मत दिलं आणि तीन दिवसांनी जगाचा निरोप घेतला.

सहा महिन्यांची कैद संपली
रोहतांगची ३,९७८ मीटर उंच खिंड बंद झाली की लाहौल खोरं जवळजवळ अर्धं वर्ष तुटायचं. अडलेल्या रुग्णाला हेलिकॉप्टरची वाट पाहावी लागे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि मनाली-केलाँग अंतर ४६ किलोमीटरनी घटलं. आता भर हिवाळ्यात पर्यटकांच्याच गाड्यांची रांग लागते. हिमकडे मात्र अजूनही रस्ता अडवतात, बोगदा असो वा नसो.

आणि बर्फ पडलाच नाही तर?
खरी धास्ती हीच. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार उघडेबोडके राहिले. २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. सफरचंदाच्या पारंपरिक जातींना नीट फुलायला हजारेक तासांची थंडी लागते आणि उन्हाळ्यात ओढ्यांना पाणी हवं तर वर बर्फ साठायला हवा. पडला तर रस्ता बंद, नाही पडला तर बाग धोक्यात. यातलं एक निवडा म्हटलं, तर सफरचंदवाला उत्तर द्यायलाही थांबणार नाही. फावडं उचलून थेट अंगणात जाईल.