विश्लेषण : एका ठिणगीमुळे वाफेच्या इंजिनांचे इंधन का बदलले?

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात ड्युरँगो ते सिल्व्हरटन या डोंगरी मार्गावर आजही वाफेची इंजिने गाड्या ओढतात. मात्र २०१८ च्या वणव्यानंतर या इंजिनांचे भवितव्यच टांगणीला लागले. त्यातून निघालेला मार्ग होता कोळशाऐवजी तेल. हा बदल का करावा लागला आणि त्याने नेमके काय साधले?

ही रेल्वे कोणती?

सिल्व्हरटनच्या खाणींतील चांदीचे खनिज खाली आणण्यासाठी १८८२ मध्ये हा सुमारे ७२ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. दोन रुळांमधील अंतर फक्त तीन फूट, म्हणजे ९१४ मिलीमीटर. आपल्या नेरळ-माथेरान मार्गापेक्षा हे एक फुटाने जास्त. ड्युरँगो सुमारे साडेसहा हजार फुटांवर, तर सिल्व्हरटन नऊ हजार तीनशे फुटांवर आहे. अॅनिमस नदीच्या काठाने चढत जाणारी ही गाडी आता पर्यटकांसाठी धावते. दोन्ही गावांतील अनेकांचा रोजगार या पर्यटनावर अवलंबून आहे.

इंजिन ‘लहान’ म्हणजे किती?

येथील ‘के-२८’ वर्गाची दहा इंजिने १९२३ मध्ये अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीने बांधली. पुढे दोन, मध्ये आठ आणि मागे दोन अशी चाकांची रचना असलेल्या या प्रकाराला ‘मिकाडो’ म्हणतात. नावातील २८ हा आकडा ओढण्याची ताकद दाखवतो : सुमारे २८ हजार पौंड, म्हणजे १२,७०० किलो. या मार्गावरील ‘के-३६’ इंजिनांपुढे ती धाकटीच ठरतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकी लष्कराने दहापैकी सात इंजिने अलास्काकडच्या मार्गासाठी नेली. युद्धानंतर ती भंगारात गेली. ४७३, ४७६ आणि ४७८ ही तीनच उरली.

२०१८ मध्ये काय घडले?

१ जून २०१८ रोजी ड्युरँगोच्या उत्तरेला सुमारे १६ किलोमीटरवर वणवा पेटला. ‘४१६ फायर’ नावाने ओळखल्या गेलेल्या या आगीत सुमारे ५४ हजार एकर, म्हणजे जवळपास २१९ चौरस किलोमीटर क्षेत्र होरपळले. सॅन वान राष्ट्रीय वनक्षेत्र लोकांसाठी बंद करावे लागले. नंतरच्या पावसात राख आणि गाळ अॅनिमस नदीत वाहून आला आणि मासे मोठ्या प्रमाणावर मेले. कोळशाच्या इंजिनातून उडालेल्या जळत्या कणामुळे आग लागली, असा निष्कर्ष काढून केंद्र सरकारने २०१९ मध्ये रेल्वेवर दावा ठोकला. रेल्वेने त्याला न्यायालयात आव्हान दिले. अखेर २०२२ मध्ये दोन कोटी डॉलर देण्यावर तडजोड झाली.

ठिणगी बाहेर पडते कशी?

वाफेच्या इंजिनात सिलिंडरमधील काम संपलेली वाफ धुरांड्यातून जोरात वर सोडली जाते. ती जाताना मागे हवेचा दाब कमी होतो आणि भट्टीतून ताजी हवा खेचली जाते. चढावर इंजिनाला जितका जोर लावावा लागतो, तितकी ही ओढ वाढते आणि आग भडकते. गोम इथेच आहे. याच ओढीत कोळशाचे हलके, पेटते तुकडे उचलले जाऊन धुरांड्यातून बाहेर पडू शकतात. ते अडवण्यासाठी जाळी असते. पण जाळी फार बारीक केली तर ओढ मंदावते आणि वाफ कमी पडते. त्यामुळेच गाडीमागून पाणी घेतलेली गस्तीची ट्रॉली पाठवण्याची पद्धत आहे.

तेलाने काय फरक पडतो?

तेलावरील इंजिनात वाफेच्या झोताने तेलाचे बारीक तुषार करून ते भट्टीत जाळतात. पेटता कोळसाच नसल्याने त्याचे तुकडे उडण्याचा प्रश्न मिटतो. बॉयलर, सिलिंडर, चाके तीच राहतात. बदल होतो तो भट्टीत, इंधनाच्या टाकीत आणि फायरमनच्या कामात. फावड्याने कोळसा टाकण्याऐवजी त्याला आता तेल, हवा आणि वाफेचा मेळ सतत साधावा लागतो. या रेल्वेचे ४९३ क्रमांकाचे इंजिन तेलावर रूपांतरित होऊन २०२० मध्ये सेवेत आले. त्यानंतर इतर इंजिनांवरही काम सुरू झाले.

धोका पूर्ण टळला का?

नाही. ब्रेक लावताना चाकांजवळून उडणाऱ्या ठिणग्या कोणत्याही गाडीत संभवतात. त्यामुळे गस्त आणि रुळांलगतचे सुके गवत काढणे सुटलेले नाही. कोळशाच्या धुराचा वास आणि फावड्याचा आवाज हाच वारसा, असे मानणाऱ्या रेल्वेप्रेमींना हा बदल रुचलेला नाही. मात्र कोरड्या उन्हाळ्यात वणव्याची भीती वाढली की वाफेची इंजिने उभी करून डिझेलवर गाडी चालवावी लागते. जंगलाशेजारून धावायचे, तर आधी जंगलाचा विश्वास परत मिळवावा लागेल. तेलाचा खर्च रेल्वेने उचलला तो त्यासाठीच.