नॅनोला उनोचा बूटलोडर
हाताशी इलेक्ट्रॉनिक्स : लेखांक ९

आर्डुइनो नॅनोसाठी प्रोग्रॅम कंपाइल केला की खालच्या काळ्या पट्टीत मर्यादा दिसते : ३०७२० बाइट. बोर्ड म्हणून उनो निवडला, तर तीच ३२२५६ होते. चिप मात्र दोन्हींवर एकच, एटीमेगा ३२८पी. तिची फ्लॅश ३२७६८ बाइटांची. नॅनोत बूटलोडरसाठी २०४८ बाइट राखून ठेवलेले असतात, उनोतला ऑप्टिबूट ५१२ बाइटांत मावतो. हे दीड केबी आज परत मिळवू.

बूटलोडर फ्लॅशच्या शेवटच्या भागात बसतो. रीसेट झाल्यावर तो यूएसबीकडून नवा प्रोग्रॅम येतोय का ते पाहतो. काही आलं नाही, तर तुमच्या प्रोग्रॅमकडे कारभार सोपवतो. पण कोऱ्या चिपमध्ये ऐकून घेणारं कोणीच नसतं. मग पहिला बूटलोडर आत कसा जातो? रीसेट पिन शून्य व्होल्टला धरून ठेवली, की चिपमधलं हार्डवेअर स्वतःच एसपीआयच्या तीन तारांवरून हुकूम घेतं. त्यामुळे बूटलोडर बिघडला म्हणून बोर्ड भंगारात काढायची घाई करू नका.

वेगळा प्रोग्रॅमर विकत आणायची गरज नाही, दुसरा उनो पुरतो. त्यावर ‘उदाहरणां’मधला ‘आर्डुइनो आयएसपी’ हा स्केच चढवा. उनोच्या ११, १२, १३ पिना नॅनोच्या त्याच क्रमांकांच्या पिनांना जोडा, १० क्रमांकाची रीसेटला, शिवाय ५ व्होल्ट आणि ग्राउंड. स्केच चढल्यानंतरच उनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, धन टोक रीसेटकडे. तो नसेल, तर संगणकाने पोर्ट उघडताच उनो रीसेट होतो आणि नॅनोसाठीचे हुकूम उनोचाच बूटलोडर झेलतो. निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच असतं, असं माझं मत.

आता ‘टूल्स’मध्ये बोर्ड ‘उनो’ निवडा (नॅनो नव्हे!), पोर्ट जोडलेल्या उनोचा आणि प्रोग्रॅमर ‘आर्डुइनो ॲज आयएसपी’. यादीत जवळजवळ याच नावाचा आणखी एक पर्याय असतो, तो नको. मग ‘बर्न बूटलोडर’. नॅनोतला जुना प्रोग्रॅम पुसला जाईल.

या एका क्लिकने फ्यूज बिटही लिहिले जातात, आणि खरी काळजी तिथे घ्यायची. बूटलोडरला किती जागा, घड्याळ कुठलं, हे तेच ठरवतात. उनोचे फ्यूज बाहेरचं १६ मेगाहर्ट्झचं घड्याळ गृहीत धरतात. नॅनोवर ते असतं. ब्रेडबोर्डवरच्या सुट्या चिपला क्रिस्टल न लावता हेच केलंत, तर ती एसपीआयलाही उत्तर देईनाशी होते. क्रिस्टल लावलं की पुन्हा बोलते.

काम झाल्यावर नॅनोच्या पाठीवर चिकटपट्टी लावून ‘उनो’ लिहून ठेवा. यापुढे यादीत बोर्ड तोच निवडायचा. सवयीने ‘नॅनो, ओल्ड बूटलोडर’ निवडलंत, तर अपलोड होणार नाही.